भाऊबंद आणि राजमुकुट : युरोपीय ऐतिहासिक नाटकाविषयी काही विचार

ऐतिहासिक नाटकासंबंधी आपल्या टीकेत एक समजूत बरीच रूढ आहे. इतिहास म्हणजे तह, लढाया आणि सनावळ्या यांचा रुक्ष सांगाडा; नाटककार त्यावर पित्याचे वात्सल्य, बंधूंचा मत्सर, पत्नीची व्याकुळता यांचे मांस चढवितो आणि राजाच्या झग्याआडचा माणूस आपल्याला दाखवितो, अशी ही समजूत आहे. ती सर्वस्वी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु युरोपातील राजघराण्यांवर रचलेल्या श्रेष्ठ नाटकांना ती लावू गेले असता नाटकाचे मर्मच हातून निसटते, असा माझा अनुभव आहे. त्या राजघराण्यांत कुटुंब हे राज्यकारभाराच्या पडद्यामागे चालणारे खासगी जीवन नव्हते. कुटुंब हीच त्या राज्यांची घटना होती. कोणी कोणाशी विवाह करावा, कोणाला पुत्र झाला, कोणाचा पुत्र अल्पायुषी ठरला, यांवर प्रांतांच्या सीमा ठरत. अशा व्यवस्थेत 'पिता', 'बंधू', 'भगिनी' हे शब्द एकाच वेळी मायेचे आणि अधिकाराचे असतात. चांगला नाटककार हे दोन्ही अर्थ एका शब्दात एकत्र नांदू देतो. सामान्य नाटककार त्यांतला एक अर्थ दुसऱ्याला गिळू देतो. हा भेद ऐतिहासिक नाटकाच्या मूल्यमापनाचा एक कस होऊ शकतो, असे मला वाटते.

अनुवादकाला हा प्रश्न समीक्षकाच्या आधी भेटतो. शेक्सपिअरच्या इतिहासनाटकांतील सरदार आणि राजे एकमेकांना 'कझिन' म्हणून हाक मारतात. त्या हाकेत कधी रक्ताचा संबंध असतो, कधी केवळ दरबारी शिष्टाचार असतो, आणि पुष्कळदा आगामी विश्वासघाताची चाहूल असते. मराठीत 'चुलतभाऊ' म्हटले की नाते कळते, पण शिष्टाचार हरपतो. 'बंधो' म्हटले की नाटकी सूर लागतो. शिलरच्या 'मारिया स्टुअर्ट'मध्ये (१८००) इंग्लंडची एलिझाबेथ आणि स्कॉटलंडची मेरी यांच्यात 'भगिनी' हा शब्द खेळतो. त्या बहिणी नव्हत्या; मेरीची आजी ही एलिझाबेथच्या पित्याची बहीण. पण मुकुटधारी स्त्रियांनी एकमेकींना भगिनी म्हणावे हा पत्रव्यवहाराचा रिवाज होता. शिलरने या दोघींची प्रत्यक्ष भेट घडविली. इतिहासात ती कधीच घडली नाही. १५६८ ते १५८७ अशी एकोणीस वर्षे मेरी इंग्लंडमध्ये बंदिवान होती आणि त्या अवधीत एलिझाबेथने तिचे तोंड पाहिले नाही. शिलरच्या त्या प्रसंगाला अनैतिहासिक म्हणून नाक मुरडणारे टीकाकार एक गोष्ट विसरतात. पत्रांतला 'भगिनी' हा शब्द समोरासमोर उच्चारला तर त्याचे काय होईल, हे पाहण्यासाठीच तो प्रसंग आहे. शब्द तोंडावर येतो आणि जळतो.

आपल्या भाषा या बाबतीत मोठ्या जाणत्या आहेत. संस्कृतातील 'भ्रातृव्य' या शब्दाला पुतण्या आणि शत्रू असे दोन्ही अर्थ असून पाणिनीने त्यांची वेगवेगळी व्युत्पत्ती लावून दिली आहे. 'दायाद' म्हणजे वाटेकरी नातलग. कन्नडमध्ये त्याचे वंशज आजही वैराचा वास घेऊन वावरतात. तमिळमधील 'पंगाळी' हा अक्षरशः वाट्याचा धनी आणि तोच भाऊबंद. बंगालीत 'ज्ञातिशत्रू' हा समास सहज रूढ आहे. मराठीत तर 'भाऊबंद' या शब्दापुढे एक प्रत्यय लावला की त्याचे 'भाऊबंदकी' होते आणि जिव्हाळ्याचे भांडण होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये नारायणरावाच्या वधानंतरच्या पेशवाईवर नाटक रचले तेव्हा त्यांना नावासाठी दुसरा शब्द शोधावा लागला नाही. ही भाषिक सामग्री हाताशी असलेल्या वाचकाला युरोपीय राजनाटक परके वाटण्याचे कारण नाही. ते परके वाटते याचे कारण आपण ते इंग्रजी पाठ्यपुस्तकांतील 'मानवी स्वभावा'च्या चष्म्यातून वाचतो, हे होय.

या दृष्टीने डॉन कार्लोसच्या कथेइतके बोधप्रद उदाहरण दुसरे नाही, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो.

स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा हा ज्येष्ठ पुत्र ८ जुलै १५४५ रोजी वायादोलिद येथे जन्मला आणि चारच दिवसांत त्याची आई, पोर्तुगालची राजकन्या मारिया, मरण पावली. आई-बाप दोन्ही बाजूंनी एकमेकांची सख्खी भावंडे-लेकरे : फिलिपचा पिता आणि मारियाची आई हे बहीणभाऊ, आणि फिलिपची आई व मारियाचा पिता हेही बहीणभाऊ. सामान्य माणसाला आठ पणजी-पणजे असतात; कार्लोसला चारच होते. राज्य घराबाहेर जाऊ नये म्हणून केलेल्या विवाहांचा हा हिशेब. १५६२ मध्ये आल्काला येथे जिन्यावरून पडून त्याच्या मस्तकाला भयंकर इजा झाली; तो वाचला, पण मूळचाच विक्षिप्त स्वभाव अधिक बिघडला. त्याच्यासाठी फ्रान्सची राजकन्या एलिझाबेथ योजिली होती. १५५९ च्या कातो-कांब्रेसीच्या तहाने स्पेन-फ्रान्सचे दीर्घ युद्ध मिटले, तेव्हा इंग्लंडची मेरी ट्यूडर वारल्यामुळे फिलिप स्वतः विधुर झाला होता. त्याने मुलासाठी योजिलेली ही चौदा वर्षांची मुलगी स्वतः वरली. स्पेनच्या लोकांनी तिला शांतीची राणी म्हटले. पॅरिसमध्ये विवाहविधी झाला तो वराच्या गैरहजेरीत. त्याच्या जागी ड्यूक ऑफ आल्बा उभा होता. त्याच सोहळ्याच्या भाल्यांच्या खेळात वधूपिता दुसरा हेन्री जखमी होऊन दगावला. नाटककाराने हे कल्पनेने रचले असते तर आपण त्याला भडक म्हटले असते.

कार्लोसला राज्यकारभारात वाटा हवा होता, नेदरलँड्सचा कारभार हवा होता. १५६७ मध्ये तो आल्बाकडे गेला आणि राजपुत्राने आल्बावर खंजीर उपसला. पुढे त्याने देश सोडून पळण्याचा बेत केला व तो आपल्या काकापाशी, डॉन हुआनपाशी उघड केला. हा काका फिलिपचा अनौरस सावत्रभाऊ. वयाने पुतण्याहून लहान आणि आल्कालाचा सहाध्यायी. त्याने तो बेत राजाच्या कानी घातला. १८ जानेवारी १५६८ च्या रात्री फिलिप मंत्र्यांसह स्वतः मुलाच्या शयनगृहात गेला. शस्त्रे व कागद काढून घेतले, खिडक्या खिळ्यांनी बंद केल्या. २४ जुलैला कार्लोस बंदिवासातच मेला. ऑक्टोबरमध्ये राणी एलिझाबेथही गेली. पोप आणि आप्तेष्ट राजांना फिलिपने अटकेची वार्ता कळविली, परंतु कारणाविषयी तो गूढच राहिला. या मौनातूनच दंतकथा जन्मली. ऑरेंजच्या विल्यमने १५८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या समर्थनपत्रात पुत्र आणि पत्नी या दोघांच्या हत्येचा आरोप राजावर केला. १६७२ मध्ये सें-रेआल या फ्रेंच लेखकाने त्यावर एक कादंबरिका रचून सावत्र आई व मुलगा यांच्या प्रेमाचे सूत्र पक्के केले. चारच वर्षांनी ऑटवेने त्याचे इंग्रजी नाटक केले, आणि एका शतकाने आल्फिएरी व शिलर यांनी तोच विषय हाती घेतला. इतिहासकारांना राणी व राजपुत्र यांच्या प्रेमाचा काहीही पुरावा आढळलेला नाही.

आल्फिएरीचे 'फिलिप्पो' (१७८३) हे जुलमी राजाचे चित्र म्हणून प्रखर आहे. मोजकी पात्रे, तुटक संवाद, कोंदट दरबार. परंतु त्याचा फिलिप पिता उरलेलाच नाही. तो मुलाचा द्वेष करतो कारण तो जुलमी आहे आणि जुलमी माणूस सर्वांचाच द्वेष करतो. नात्याचा अर्थ येथे सत्तेने पूर्ण गिळला आहे. मग मुलाच्या जागी कोणी सरदार असता तरी नाटक फारसे बदलले नसते. ऑटवेचे उलट : तेथे प्रेम आणि मत्सर यांनी राज्याला गिळले आहे.

शिलरचे प्रकरण वेगळे आणि अधिक उद्बोधक आहे. १७८३ मध्ये त्याने विषय हाती घेतला. पुढच्या वर्षी मानहाइमच्या नाट्यगृहाचा प्रमुख डालबेर्ग याला लिहिलेल्या पत्रात त्याने आपले नाटक राजकीय मुळीच होणार नाही, ते एका राजगृहातील कौटुंबिक चित्र असेल, अशी ग्वाही दिली. १७८७ मध्ये पूर्ण झालेले 'डॉन कार्लोस' पाहिले तर ती ग्वाही टिकलेली नाही. मार्क्विस पोसा नावाचा एक मित्र, जो आरंभी केवळ राजपुत्राचा विश्वासू होता, वाढत वाढत नाटकाचा स्वामी झाला. तिसऱ्या अंकात तो राजापुढे उभा राहून विचारस्वातंत्र्य मागतो आणि त्या क्षणी हॅब्सबुर्ग घराणे मागे पडून अठरावे शतकच बोलू लागते. स्वतः शिलरने १७८८ च्या पत्ररूप लेखांत कबूल केले आहे की लेखन लांबले, त्या काळात आपणच बदललो आणि कार्लोसची जागा पोसाने घेतली.

बहुतेक टीकाकार येथे दोन तट करतात : कौटुंबिक नाटक बिघडले असे म्हणणारे आणि राजकीय नाटक जन्मले असे म्हणणारे. मला हे दोन्ही तट निरर्थक वाटतात. पोसाचे भाषण हा नाटकाचा सर्वांत प्रसिद्ध भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत अनैतिहासिकही. पण नाटकाची खरी उंची त्या भाषणात नाही. ती आहे फिलिपमध्ये. मुलगा आणि पत्नी यांच्याविषयीच्या संशयाने रात्र जागून काढलेला हा राजा एक माणूस मागतो, आणि त्याला जो माणूस मिळतो त्याला तो नकळत पुत्राची जागा देतो. पोसाने फसविले हे कळल्यावर राजा रडतो. रंगमंचावर नव्हे, आतल्या दालनात. दरबाऱ्यांना ती बातमी ऐकून भय वाटते. राजाचे रडणे ही तेथे राजकीय घटना आहे. मायेचा आणि अधिकाराचा अर्थ येथे एकमेकांपासून सोडविता येत नाही. फिलिपला वारस आहे, पण पुत्र नाही. जो पुत्रासारखा वाटला त्याला वारसा देता येत नाही. शेवटी नव्वद वर्षांच्या अंध धर्मन्यायाधीशापुढे तो विचारतो की एवढे जमविले ते कोणासाठी, आणि मग मुलाला त्याच्या स्वाधीन करतो. धर्मन्यायाधीशाचे उत्तर ईश्वराने आपला पुत्र दिला या दाखल्यावर उभे आहे. पित्याच्या शब्दाचा तिसरा, पारलौकिक अर्थ येथे येऊन पहिल्या दोघांचा निकाल लावतो. व्हेर्दीने १८६७ मध्ये या नाटकावर संगीतिका रचली, तिचे सर्वांत खोल संगीत राजाच्या एकाकी रात्रीचे आणि या भेटीचे आहे. संगीतकाराचा कान टीकाकारांहून तिखट निघाला.

कार्लोसला अटक झाली त्या हिवाळ्यात माद्रिदच्या दरबारात फिलिपचा एक पंधरा वर्षांचा भाचा होता. बहिणीने, म्हणजे सम्राज्ञी मारियाने, कडव्या कॅथलिक संस्कारांसाठी आपली दोन मुले १५६४ मध्ये मामाकडे धाडली होती. १५७१ पर्यंत ती तेथे होती. त्यांतला थोरला रूडॉल्फ. कार्लोसच्या मृत्यूनंतर फिलिपला एकही मुलगा उरला नाही आणि भाच्यांचे महत्त्व एकाएकी वाढले. ते फार काळ टिकले नाही, कारण १५७० मध्ये फिलिपने चौथा विवाह केला तो या रूडॉल्फची सख्खी बहीण ॲना हिच्याशी, आपल्या भाचीशी. हिचे नावही पूर्वी कार्लोससाठीच घेतले जात असे. मुलाची वाग्दत्ता पित्याने वरण्याचा हा दुसरा प्रसंग. नाटककारांनी पहिला उचलला आणि दुसऱ्याकडे कोणी पाहिले नाही. कदाचित तो इतका शांतपणे, रीतसर, पोपच्या संमतीने घडला म्हणून.

हा रूडॉल्फ पुढे सम्राट झाला, प्राग येथे चित्रे, यंत्रे आणि ज्योतिषी गोळा करून राहिला आणि अविवाहितच राहिला. फिलिपची मुलगी इसाबेला त्याला अनेक वर्षे नेमलेली होती. अखेर १५९९ मध्ये तिने त्याच्याच धाकट्या भावाशी, आल्बर्टशी, विवाह केला. १६०६ मध्ये घराण्यातील आर्चड्यूक एकत्र आले आणि मनाने खचलेल्या रूडॉल्फऐवजी त्याचा भाऊ मथियास यास त्यांनी घराण्याचा कर्ता ठरविले. शब्द लक्षात घ्यावा : घराण्याचा कर्ता. सम्राटपद काढून घेण्याचा अधिकार त्यांना नव्हता, पण एकत्र कुटुंबातील भावांनी ज्येष्ठाकडून किल्ल्या काढून घ्याव्यात तसे हे झाले. १६०८ मध्ये हंगेरी, ऑस्ट्रिया आणि मोराव्हिया गेले. १६११ मध्ये बोहेमिया. जानेवारी १६१२ मध्ये रूडॉल्फ मेला.

व्हिएन्नाचा नाटककार फ्रान्त्स ग्रिलपार्त्सर याने यावर जे नाटक लिहिले त्याच्या नावाचा अर्थ 'हॅब्सबुर्ग घराण्यातील बंधुकलह' असा होतो. १८३८ मध्ये एका सुखात्मिकेच्या अपयशाने दुखावून त्याने नाटके प्रकाशात आणणे सोडले होते. हे नाटक त्याच्या मेजातच राहिले आणि तो १८७२ मध्ये वारल्यावर रंगभूमीवर आले. तो स्वतः सरकारी दफ्तरखान्याचा प्रमुख होता. भाऊबंदांचे करारनामे ज्यांत बांधलेले असतात त्या कागदांची धूळ त्याच्या परिचयाची होती. नावाचा अनुवाद 'भाऊबंदकी' असा करण्याचा मोह अनावर होतो आणि अर्थदृष्ट्या तो अचूकही आहे, कारण येथे केवळ दोन भाऊ भांडत नाहीत. चुलते, पुतणे, सारे वाटेकरी हजर आहेत. तरी मी कचरतो. आपल्या शब्दाला शेताच्या बांधाचा, न्यायालयाच्या पायरीचा एक क्षुद्र वास आहे, आणि रूडॉल्फला भावाचे कृत्य क्षुद्र वाटत नाही. त्याला ते सृष्टीचा क्रम मोडणारे वाटते. पण मग मनात येते की मथियासचे सारे वर्तन त्या क्षुद्र वासाचेच आहे. एका नाटकात दोन शब्दकोश नांदत आहेत, आणि मराठी अनुवादकाला नावात एकच घेता येतो.

या नाटकातील एक प्रसंग मला युरोपीय ऐतिहासिक नाटकातील अत्यंत भीषण प्रसंगांपैकी वाटतो. डॉन सीझर हा रूडॉल्फचा अनौरस पुत्र एका मुलीचा खून करून बंदीत पडला आहे. त्याची शीर कापलेली असून पट्टी फाडून तो रक्तस्राव होऊ देतो. वैद्याला आत सोडावे म्हणून विनवणी होते. सम्राट नकार देतो आणि खोलीची किल्ली विहिरीत टाकतो. इतिहासात रूडॉल्फचा असाच एक उन्मत्त अनौरस पुत्र १६०९ मध्ये क्रूमलॉव्हच्या किल्ल्यात स्थानबद्ध असता मेला. किल्ली आणि विहीर ग्रिलपार्त्सरची. आता रचनेतील विपरीतता पाहावी. या मुलाला कोणताही हक्क नाही, तो वारस नाही. म्हणजे संपूर्ण नाटकात रूडॉल्फ केवळ पिता होऊ शकेल असे हे एकच नाते. आणि नेमक्या येथेच तो केवळ न्यायाधीश होतो. उलट ज्या भावाने राज्य हिरावले, ज्याच्या बाबतीत न्यायाधीश होणे त्याचे कर्तव्य होते, तेथे तो भाऊ राहतो, चालढकल करतो, आणि साम्राज्य विसकटू देतो. दुर्बलता आणि क्रौर्य या दोन्ही गोष्टी एकाच माणसात अशा शिताफीने ठेवणारा दुसरा नाटककार शिलरच्या परंपरेत मला दिसत नाही. शिलरला वाक्पटुता आवरली नाही. ग्रिलपार्त्सर गप्प राहू शकतो. शेवटी मथियास मेलेल्या भावाच्या राजचिन्हांपुढे गुडघे टेकून छाती बडवितो आणि खिडकीबाहेर त्याच्याच नावाचा जयघोष चालू असतो.

उत्तरेकडील एका नाटकाचा उल्लेख केल्यावाचून मात्र राहवत नाही. इब्सेनच्या 'राजपदाचे दावेदार' (१८६३) मध्ये तेराव्या शतकातील नॉर्वेचा हॉकोन आणि स्कूले यांचा झगडा आहे. स्कूलेची मुलगी मार्ग्रेटे हीच हॉकोनची राणी; त्यामुळे सासर आणि माहेर यांच्यात प्रत्यक्ष लढाई जुंपते. नाटक उघडते ते हॉकोनच्या आईच्या दिव्याने : मुलगा राजवंशातलाच आहे हे सिद्ध करण्यासाठी ती तप्त लोखंड हाती धरते. ही घटना इतिहासातली, १२१८ मधली. आईने हात पोळून घेऊन मुलाला राज्य मिळवून दिले, आणि मुलाचे पहिले कृत्य म्हणजे आईला दूर पाठविणे. राजाला फार प्रिय माणूस जवळ नको. स्कूलेच्या बाजूने विष पेरतो तो मरणोन्मुख बिशप निकोलस. हॉकोन खरा वारस की बदललेले मूल हे ज्या पत्रावरून कळले असते, ते पत्र तो स्कूलेच्याच हातून, त्याच्या नकळत, जाळवितो. त्यानंतर स्कूलेला राज्य मिळते पण विश्वास मिळत नाही. त्याला न्यायाने हरविलेले नाही, संशयाने हरविले आहे. आणि संशय मूळच्या प्रश्नाचा, म्हणजे कोण कोणाचा मुलगा, याचाच आहे. पेटर नावाचा स्वतःचा मुलगा त्याला उशिरा भेटतो आणि बापावर श्रद्धा ठेवतो तीही आंधळी, विध्वंसक. १२४० मध्ये एल्गेसेटरच्या मठाच्या दारातून स्कूले त्या मुलाला घेऊन स्वतःहून मृत्यूकडे चालत जातो. मार्ग्रेटे मागे उरते, एकाच वेळी अनाथ आणि विजयी. इब्सेनने तिला मोठे भाषण दिलेले नाही.

यानंतर इब्सेन लवकरच राजवाडे सोडून मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात आला आणि युरोपीय नाटकातील कुटुंबाचे केंद्रही त्याच्याबरोबर तिकडे गेले. दिवाणखान्यातील पित्याला प्रांत देता येत नाहीत. तो फार तर हुंडा, नाव किंवा एखादे बुडते दुकान देऊ शकतो. ऐतिहासिक नाटकातील राजपित्याला आपण जेव्हा या नंतरच्या पित्याच्या मापाने मोजतो, तेव्हा त्याच्यात 'मानवीपणा' कमी पडल्याची तक्रार करतो. फिलिपने आपल्या पुत्राविषयी काय वाटले ते लिहून ठेवले नाही, म्हणून त्याला काही वाटलेच नसावे, असे गृहीत धरणारे लेखन अजूनही वाचावे लागते.

फिलिपने बांधविलेल्या एस्कोरिअलच्या मंदिरात मुख्य वेदीच्या एका बाजूला पाँपेओ लेओनीने ओतलेला सोनेरी मुलाम्याच्या ब्राँझचा एक मूर्तिसमूह आहे. राजा गुडघे टेकून प्रार्थना करीत आहे आणि त्याच्याभोवती त्याचे कुटुंब. पहिली पत्नी मारिया आहे, तिसरी एलिझाबेथ आहे, चौथी ॲना आहे. इंग्लंडची मेरी, जिच्यापासून काही वारसा मिळाला नाही, ती नाही. मुलांपैकी एकच आहे. ज्याच्या खिडक्या बापाने खिळ्यांनी बंद करविल्या होत्या तो डॉन कार्लोस, हात जोडून, त्याच वेदीकडे तोंड करून, बापाच्या मागे गुडघे टेकून बसला आहे.